सायलेन्सरला धरलेला रुमाल

हे मी घरात कधी बोललो नाही. बायकोला माहीत नाही, मुलांना नाही, आणि ज्याला सांगायलाच हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हालाच का सांगतोय — तेही मला नीट उमगलेलं नाही. ऐका, एवढंच.

बदलापूरला हेंद्रेपाड्यात माझं गॅरेज होतं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. जीप, पाण्याचे पंप, शेत नांगरायचे पॉवर टिलर — जे बंद पडेल ते माझ्याकडे यायचं. पण माझं नाव झालं होतं ते धुरामुळे. धूर बघून मी इंजिनाचं दुखणं सांगायचो. काळा आणि निळा धूर कुणीही ओळखेल. खरी परीक्षा पांढऱ्या धुराची. मी खिशातून पांढरा रुमाल काढायचो, सायलेन्सरच्या तोंडाशी धरायचो आणि डोळे मिटून हुंगायचो. डिझेलचा उग्र वास आला, तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय. वास नाही, रुमाल नुसता ओला — तर आत पाणी शिरतंय. शास्त्र एवढंच. पण मी ते असं करायचो, की भोवती माणसं जमावीत. त्या रुमालाला बायकोला वेगळी नीळ घालायला लावायचो! नाटकच ते, दुसरं काय?

बारवी धरणाच्या बाजूला एक पाडा आहे. तिथल्या चार-पाच घरांनी मिळून एक टिलर घेतला होता. चालवायचा काशिनाथ. डिझेलचा ड्रमही त्याच्याच ओसरीवर. तो आणि धाकटा भाऊ रामदास, दोघांचं एकच घर, एकच चूल. ड्रम त्यांच्याकडे का? तर त्यांच्यावर सगळ्यांचा भरवसा म्हणून. हे लक्षात ठेवा.

उन्हाळ्यात टिलर माझ्याकडे आला. मी इंजिनाचं हेड खोललं, व्हॉल्व्ह घासले, हेडखाली नवं गॅस्केट — फट बंद करणारा पातळ पत्रा — घातलं. गॅस्केट उल्हासनगरहून आणलं होतं. दुकानदार सिंधी, माझ्या बापाच्या वयाचा. पुडी हातात देताना म्हणाला, "सांई, इंजन गरम होने के बाद नट फिर से कसना, भूलना मत." मला हसू आलं. हे मला सांगतोय! पण खरं होतं ते. नवं गॅस्केट उष्णतेने दबतं, नट सैल पडतात, म्हणून मशीन शेतात चालून चांगलं तापलं की ते पुन्हा आवळावे लागतात. नाही आवळले, तर फटीतून पाणी आत शिरतं. पाड्यावर येऊन आवळून देतो, असं मी काशिनाथला सांगितलं होतं.

गेलो का? नाही गेलो. ऊन होतं, वाट लांब होती, एका जीपचं काम निघालं होतं — जाऊ दे. नाही गेलो.

लावणीच्या तोंडावर निरोप आला. टिलर पांढरा धूर सोडतोय, ओढत नाही, आणि डिझेल फार पितोय. फार पितोय — एवढ्यावरून पाड्यात आधीच कुजबूज चालू होती. मी पोचलो तेव्हा बांधावर सगळी घरं उभी. मला खाटेवर बसवलं, चहा दिला. मशीन चालू केलं. मी रुमाल काढला, धरला, हुंगला. वास नाही. नुसता ओला. आणि मी रुमाल उंच धरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "डिझेलमध्ये पाणी आहे."

तोवर ती चूक होती. घाईची, मिजाशीची, पण चूकच. तिथे थांबलो असतो तर आज हे सांगत बसलो नसतो.

मग मी रेडिएटरचं झाकण उघडलं. आत पाण्यात बुडबुडे येत होते, एकामागून एक. म्हणजे गॅस्केट गेलं होतं. पाणी हेडखालून शिरत होतं, दाब तिथूनच निसटत होता, आणि डिझेल जास्त लागत होतं तेही त्यामुळेच. सगळं माझ्याच पान्याखालचं. झाकणापाशी मी एकटाच वाकलो होतो. मागे बायकांचे आवाज चढायला लागले होते — डिझेल काढून विकलं आणि वर पाणी ओतलं. काशिनाथ म्हणत होता, "नाय वो, आईशपथ नाय." एक वाक्य पुरलं असतं. बोललो का मी? झाकण लावलं.

याहूनही वाईट पुढे आहे. टाकीतलं डिझेल बाटलीत काढून ठेवलं असतं, तर पाणी तळाशी बसतं की नाही हे शेंबड्या पोरालाही दिसलं असतं. म्हणून मी टाकी बांधावरच उपडी केली, ड्रमही ओतून द्यायला लावला. मग "आत पाण्याने काय खराब झालंय बघतो" म्हणत हेड खोललं, पिशवीतलं दुसरं गॅस्केट घातलं. दुसरं डिझेल आणवलं, मशीन शेतात चालवून तापवलं आणि नट पुन्हा आवळले. या वेळी विसरलो नाही. धूर गेला. सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं, आणि खोटं कशाला बोलू, ते मला आवडलं. ड्रम त्याच दिवशी दुसऱ्या ओसरीवर गेला.

काही दिवसांनी काशिनाथ गॅरेजवर आला. भांडायला आलाय असं वाटलं. पण तो हळूच म्हणाला, "मिस्त्री, तुमाला धुराचं सगलं कलतं. पानी व्हतं म्हंजे व्हतंच. मी तर नाय काढला. मंग... रामदासनं काढला असंल का?"

बघा, माझ्यावर त्याचा इतका विश्वास होता. मी हातातला पाना पुसत म्हणालो, "तुमच्या घरातलं मी काय सांगणार?" तो मान हलवून निघून गेला. त्या दिवाळीत दोघा भावांच्या चुली वेगळ्या झाल्या.

आम्ही बौद्ध. पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणतो. दुसरं शील चोरी न करण्याचं, चौथं खोटं न बोलण्याचं. इतकी वर्षं चौथ्याला मी नुसते ओठ हलवतो. शेजारच्याला कळत नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी वांगणीला एका फार्महाऊसवर पंप बघायला गेलो. राखणदार पुढे आला — रामदास. त्याने लगेच ओळखलं. बसायला खुर्ची दिली, चहा केला. काशिनाथ आदल्या वर्षी गेला, असं सांगितलं.

"दादानं शेवटपावतर कबूल नाय केला," तो म्हणाला. "माज्यावरच आल घातला. पन पोरं ल्हान व्हती त्याची, घेतला असंल थोडा. मी मनात नाय ठेवला."

मी चहा प्यायलो. पंप दुरुस्त केला. निघताना त्याने फाटकापर्यंत येऊन माझी पिशवी गाडीला अडकवून दिली. रामदास अजून तिथेच आहे. मी अजूनही सांगायला गेलेलो नाही.

डिझेलमध्ये पाणी नव्हतं. दोघांपैकी कुणीही थेंबभर काढलं नव्हतं. नट मी आवळले नव्हते.