'माझे मन प्रसन्न होते'

देवरे मॅडम वर्गात आल्या की आधी खुर्चीवर बसून चपला काढायच्या. म्हसरूळहून बसमध्ये उभ्याने आलेली पावलं थंड फरशीवर टेकवायच्या आणि मग समोरच्या मुलीला विचारायच्या, "कसं वाटतंय?" ती "बरं" म्हणाली की ठरलेलं उत्तर, "बरं दुकानदाराला सांगायचं. मला खरं सांग."

मी शेवटच्या बाकावर बसायचे. दहावीपर्यंत इंग्रजी माध्यम, मग सायन्स अर्धवट सोडून आर्ट्सची अकरावी. त्या दिवसापासून बाबा माझ्याशी बोलत नव्हते. जेवायला बोलवायचं तरी आईमार्फत. मानसशास्त्र घेतलं ते खरं तर वर्गात बाराच मुली होत्या म्हणून.

एका प्रॅक्टिकलला आरशात बघून चांदणी गिरवायची होती. हात झाकलेला असतो. पेन्सिल वर न्यायला जावं तर ती खाली येते. पाचव्यांदा रेघ बाहेर गेली आणि माझे डोळे भरून आले. कुणी पाहिलं नाही असं वाटलं. जर्नलमध्ये 'प्रयोग करताना काय वाटले' याखाली मी सगळ्यांसारखंच सीनियरच्या जर्नलमधलं वाक्य उतरवलं: 'माझे मन प्रसन्न होते.'

मॅडमनी मला थांबवून घेतलं. "अकरा वर्षं शिकवतेय मी. इथे सगळ्यांचं मन प्रसन्नच शे." दमल्या की त्यांच्या बोलण्यात सटाण्याची अहिराणी उतरायची. "चांदणीवर पाणी पडलंय, आणि मन प्रसन्न? खोड ते. इंग्रजीत लिही हवं तर."

मी लिहिलं. चार ओळी, बाबांच्या गप्प राहण्याबद्दल. त्यांनी वाचलं, लिहिलेली बाजू आत जाईल असं ते पान पुढच्या पानाला स्टेपल केलं आणि वरून सही केली. "बाहेरच्या परीक्षकांना सही दिसली की पुरे. हे तुझं." स्टेपलर ठेवत म्हणाल्या, "तुझे बाबाही कुठेतरी 'मन प्रसन्न' लिहून बसले असतील."

बारावी संपताना कळलं, मुली कमी म्हणून विषय बंद होणार. तासिकेवर शिकवणाऱ्या मॅडमना जूनपासून बोलावणं नव्हतं. जर्नल परत घ्यायला गेले तेव्हा त्या वर्गातलं कपाट आवरत होत्या.

"कसं वाटतंय, मॅडम?" दोन वर्षांत मी त्यांना स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न.

"बरं."

"बरं दुकानदाराला सांगायचं."

त्या हसल्या. मग माझ्या बाकावर बसल्या, चपला काढल्या. "थकले गं पोरी. लय थकले." घंटा होईपर्यंत आम्ही तशाच बसून होतो.

संध्याकाळी बाबा बातम्या बघत होते. या वेळी मी आईकडे निरोप दिला नाही. "बाबा, मी दमलेय," मी म्हणाले.

त्यांनी वळून पाहिलं नाही. रिमोट शोधला, आवाज कमी केला आणि सोफ्यावरची उशी बाजूला सरकवली.