भट्टीनंतर या जॉबला कोणी हात लावला?

चौथ्या कोपऱ्याचा आकडा पुन्हा जास्तच आला.

२००६ साल. भिवंडीजवळ शेलारला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. समोर जाड प्लेटा वेल्ड करून केलेली गिअरबॉक्सची बेस फ्रेम. मी ठाण्याच्या टेस्टिंग लॅबमधून आले होते. एकटीला पाठवलेलं हे माझं पहिलं काम.

वेल्ड थंड होताना आकसतो, पण आजूबाजूची प्लेट त्याला आकसू देत नाही. ती ओढाताण आतच राहते. तिला रेसिड्युअल स्ट्रेस म्हणतात. ती राहिली तर पुढे मशीनिंग करताना फ्रेम वाकते. म्हणून जॉब, म्हणजे घडवलेली वस्तू, भट्टीत तापवून सावकाश थंड करतात. ताण गेला की नाही, ते मी मोजते. नखाएवढी स्ट्रेन गेज प्लेटवर चिकटवायची आणि तिच्या मधोमध बारीक भोक पाडायचं. आत ताण असेल तर भोकाभोवतीचा धातू किंचित सरकतो. ते सरकणं गेज पकडते.

तीन कोपरे ठीक होते. चौथा जणू भट्टीत गेलाच नव्हता. वीतभर अंतरावर दुसरी गेज लावली, तरी तेच.

संध्याकाळी ट्रक येणार होता आणि आमच्या रिपोर्टशिवाय फ्रेम हलणार नव्हती. वर्कशॉपचे मॅनेजर नाईक यांनी भट्टीचा चार्ट माझ्यापुढे धरला. तापमान बरोबर, वेळ बरोबर.

“मॅडम, भट्टी ठणठणीत आहे. तुमचं मशीनच आजारी असेल.”

मागची माणसं हसली. भट्टीनंतर काही काम झालंय का, असं मी विचारलं. काही नाही, ते म्हणाले. मी लॅबमधल्या सरांना फोन लावला. गेज नीट चिकटली नसेल, पुन्हा घे, नाहीतर उद्या दुसऱ्या कोणाला पाठवतो, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. माझ्याकडे एकच गेज उरली होती.

जेवणाच्या सुट्टीत माणसं शेडच्या सावलीत घोळक्याने बसली. मी जवळ गेले की त्यांचं बोलणं थांबायचं. सकाळपासून तसंच चाललं होतं. घरी मराठीच बोलत असले, तरी अनोळखी माणसांत मी आधी मनात वाक्य जुळवते. तोवर विषय पुढे गेलेला असतो. फ्रेमपाशी स्टुलावर बसून मी डबा उघडला.

दशरथकाका, तिथले सगळ्यात जुने फिटर, पाणी भरून परतताना थांबले.

“एकलीच जेवतेस, बाय?”

मी मान हलवली. मग माझं मन रमावं म्हणून की काय, ते फ्रेमवर हात ठेवून तिच्याबद्दल सांगू लागले. भट्टीतून आली तेव्हा हा कोपरा उचललेला होता. त्यांनी गॅसची ज्योत मारून तो लाल केला, वर पाणी ओतलं, कोपरा बसला. नंतर छऱ्यांचा मारा करून फ्रेम साफ केली, तेव्हा सगळीकडे एकच करडा रंग आला. खूण राहिली नाही.

“पट्टी नाय लावली. नजरेनं सरल केला.”

नाईकसाहेबांना माहीत आहे का, मी विचारलं.

“सांगाचा काय त्यात? वाकला का मीच सरल करतो.”

नाईक खोटं बोलले नव्हते. गॅस मारणं तिथे कामात धरतच नव्हते. पण असं तापवून पाणी ओतलं की भट्टीने घालवलेला ताण परत येतो.

माझा डबा तसाच राहिला. मी हे न लिहिता, सगळं ठीक म्हणून सही केली असती, तर फ्रेम त्याच संध्याकाळी गेली असती. मी लिहिलं: भट्टीनंतर चौथा कोपरा गॅसने सरळ केला आहे. नाव घातलं नाही. पण ते काम तिथे एकच माणूस करायचा.

ट्रक रिकामा गेला. फ्रेम पुन्हा भट्टीत गेली, या वेळी कोपरा वर येऊ नये म्हणून क्लॅम्पने आवळून. आठवड्याने मी परत मोजली. चारही कोपरे ठीक आले. सरांनी रिपोर्टवर माझ्या सहीखाली आपली सही केली. नाईकांनी चहा पाठवला. दशरथकाका पलीकडे उभे होते. मी हाक मारली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ग्राइंडर सुरू केला.

आता कुठेही गेले की चार्ट बघण्याआधी मी फिटरला विचारते, भट्टीनंतर या जॉबला कोणी हात लावला? बहुतेक जण खरं सांगतात. रिपोर्ट गेल्यावर मात्र तिथे माझ्याशी कोणी बोलत नाही.