निवेस म्हणजे बर्फ

मिरजेला आमच्या माडीवर एक इटालियन बाई तीन महिने भाड्यानं राहिली होती. तंबोरा करून घ्यायला आली होती. भोपळा निवडण्यापासून तारा चढेपर्यंत ती रोज कारागिराच्या दारात बसायची आणि दुपारी चहाला माझ्याकडे यायची. तिचं हिंदी मोडकं, माझं त्याहून मोडकं, पण जमायचं. एकदा तिनं पर्समधून आईचा फोटो काढला आणि नाव सांगितलं, निवेस.

असलं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, इटलीतही आता क्वचितच ऐकू येतं. मूळ शब्द लॅटिन, अर्थ बर्फ. तोही एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा पडणारा. फार पूर्वी रोममध्ये म्हणे ऐन ऑगस्टच्या उकाड्यात एका टेकडीवर बर्फ पडला. तो मेरीमातेनंच पाडला असं मानून लोकांनी तिथं चर्च बांधलं, आणि त्या बर्फाच्या मेरीवरून मुलींना निवेस म्हणू लागले.

मी आटपाडीची. आमच्याकडे मे महिन्यात चपलेशिवाय अंगण ओलांडता येत नाही. लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. दोनदा दिवस गेले होते, दोन्ही वेळा टिकलं नव्हतं. कुणाला आशा नसताना आलेला तो बर्फ माझ्या मनात घर करून बसला. ठरवलं, मुलगी झाली तर हेच नाव.

नवऱ्यालाही सांगितलं नाही. सांगितलं फक्त धाकट्या बहिणीला. ती कडेगावला दिलेली, तिचा नवरा फौजेत. माहेरी दोघी शेंगा फोडत बसलो होतो. "लय ग्वाड हाय गं आक्का," ती म्हणाली, आणि दोन-तीनदा नाव घोळवून बघितलं.

पुढच्या वर्षी तिला मुलगी झाली. बारशाला मी दोन दिवस आधी गेले, पाळणा मीच सजवला. आत्या बाळाच्या कानाशी वाकली, कुर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि ती मोठ्यानं म्हणाली, "निवेस!"

घुगऱ्यांचं ताट घेऊन मी तशीच उभी राहिले. बहिणीची सासू बायकांना सांगत होती, "आमच्या सूनबाईनं हुडकलंय. पोराचं पोस्टिंग बर्फात हाय न्हवं, म्हणून."

बायका पांगल्यावर मी बहिणीला गाठलं. "असं का केलंस?"

ती दुपट्याची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "आक्का, राग मानू नगंस. एवढं चांगलं नाव, वाया गेलं असतं."

वाया. म्हणजे मला मूल होणार नाही, हे तिनं धरूनच ठेवलं होतं. आणि दर फोनला "देव बघील गं" म्हणणारीही तीच. पुढं तिचं म्हणणं खरं ठरलं. त्याचाही मला तिच्यावरच राग आला.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. "आक्का, पोरीला शाळेत नावाचा अर्थ लिवून न्यायचाय. ती रोमची गोष्ट काय व्हती गं? मला बर्फ एवढंच ध्यानात हाय."

"फोन तिला दे," मी म्हटलं. सात वर्षांच्या पोरीला सगळं सांगितलं. टेकडी, ऑगस्ट, तंबोरा, पर्समधला फोटोसुद्धा.

"मावशी, मग मम्मीला हे नाव तू सांगितलंस?"

"व्हय."

"भारी!"

दोन दिवसांनी मोबाईलवर वहीच्या पानाचा फोटो आला. अक्षर पोरीचं, वाकडंतिकडं. गोष्ट नीट उतरली होती. शेवटी लिहिलं होतं, हे नाव माझ्या मावशीला एका इटालियन बाईने सांगितले. त्यातला 'मावशीला' हा शब्द खोडून वर बहिणीच्या अक्षरात 'आईला' केलेलं होतं.

फोटो पाठवताना ती खाडाखोड मला दिसेल हे बहिणीच्या ध्यानात आलं नसेल, की ठाऊक असूनही पाठवला, हे मी विचारलं नाही. दिवाळीला कडेगावला जायचं ठरलं होतं. नवऱ्याला म्हटलं, यंदा तुम्ही एकटेच जाऊन या.