बरं होण्याआधीची साक्ष

देवावर भरवसा आहे हे सांगायला आपलं काम आधी झालेलं असावं लागतं का?

रविवारी चर्चमध्ये उपासनेत साक्षी चालल्या होत्या; देवानं आपल्यासाठी काय केलं, ते एकेक जण उठून सांगत होता. कुणाला नोकरी लागली होती, कुणाचा ताप उतरला होता. मग रूथमावशी उठल्या. त्यांचे यजमान अर्धांगाच्या झटक्यानंतर दवाखान्यात अजून बेशुद्ध आहेत, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"रूथबाई, प्रार्थनेच्या विनंत्या नंतर घेऊ," मंडळीचे पंच म्हणाले.

"विनंती नाही, साक्षच देते. हे अजून डोळे उघडत नाहीत. काल मी देवाशी भांडले, आजही भांडणार आहे."

"बरे झाल्यावर द्यायची असते गं साक्ष," मागून एक बाई पुटपुटल्या.

"तोवर काय देव रजेवर असतो?" मावशी वळून म्हणाल्या. "आणि भांडायला तरी दुसऱ्या कुणाकडे जाऊ?"

तेव्हापासून मला स्वस्थता नाही. मी धार्मिक पत्रकं वाचत वाढलो. त्यांतला प्रत्येक आजारी माणूस शेवटच्या ओळीपर्यंत बरा होतो. बायबलच्या शुभवर्तमानात मात्र वादळात होडीत पाणी शिरत असतानाच शिष्य झोपलेल्या प्रभूला हलवतात आणि आम्ही बुडतोय, तुला काहीच वाटत नाही का, असं विचारतात. त्यांचा विश्वास थोडा होता, हे खरं. पण हाक त्यांनी त्यालाच मारली, आणि तो उठला. हाक मारायला त्यांनी किनाऱ्याची वाट पाहिली नाही.

तुमच्या मंडळीत असं कुणी उभं राहिलं, तर त्याला बसवू नका. शेवटपर्यंत ऐकून घ्या, आणि उपासना सुटली की त्याच्यासोबत दवाखान्यात जाऊन बसा.