साइझिंगचा नंबर माझ्या नावावर होता

लग्नाआधी दोन वर्षं आणि लग्नानंतर पाच, अशी सात वर्षं मी भिवंडीत एका साइझिंगच्या ऑफिसात फोनवर बोलायचं काम केलं. साइझिंग म्हणजे सुताला खळ लावून ते बीमवर, म्हणजे मागाच्या मोठ्या रुळावर, गुंडाळून देणारा कारखाना. बीम तयार झाला की लूमवाल्याला, म्हणजे यंत्रमागवाल्याला, कळवायचं, मग तो टेम्पो पाठवून घेऊन जाणार. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या वर्षांत लाइट तासन्‌तास जायची. दुपारी देतो म्हटलेला बीम संध्याकाळपर्यंत व्हायचा नाही, आणि सकाळी ज्यांना ज्यांना फोन केले त्या सगळ्यांना परत फोन करावे लागायचे. "चाचा, आज नहीं होगा, लाइट गई है." हे वाक्य दिवसातून किती वेळा म्हणत असेन, देव जाणे. घरी गेल्यावर नवऱ्याने काही विचारलं तर मी मानेनेच उत्तर द्यायची.

एक दिवस शेठ म्हणाले, "आता फोन बंद. मेसेज पाठवायचे. एक बटण दाबलं की सगळ्यांना एकदम जातो." कल्याण नाक्यावर एकाने तसं ऑफिस काढलं होतं. त्याच्याकडे आपला नंबर नोंदवायचा, एवढंच. "तूच जाऊन ये. अर्ध्या तासाचं काम आहे."

तो माणूस पूर्वी एसटीडी बूथ चालवायचा. बूथच्याच जागेत त्याने कॉम्प्युटर ठेवला होता. लेटरहेड, गुमास्त्याचा परवाना, शिक्का, सगळं त्याने नीट लावून घेतलं आणि शेवटी फोनचं बिल पाहिलं.

"मॅडम, हा नंबर तुमच्या फर्मचा नाहीच. कुणा बाईच्या नावावर आहे."

"मीच ती बाई," मी म्हटलं.

माझ्या लग्नाआधी इनकमिंग फुकट झालं, तेव्हा ऑफिसात पहिला मोबाइल आला होता. दुकानदाराने रेशन कार्डाची झेरॉक्स मागितली. शेठचं कार्ड गावी, राजस्थानात. माझ्या पिशवीत त्या दिवशी माहेरचं, शेलार गावचं कार्ड होतं, बाबांनी साखर आणायला दिलेलं. शेठ म्हणाले, देऊन टाक. असा तो नंबर माझ्या माहेरच्या नावावर लागला. बिल ऑफिसात यायचं, भरायचे शेठ. नाव कुणी वाचलंच नाही. मीसुद्धा नाही.

"मग तुमच्या नावावरून फर्मच्या नावावर करून आणा," तो म्हणाला.

फोन कंपनीच्या गॅलरीत काउंटरवर एक बाई होती. वागायला चांगली होती, पण तिचा नाइलाज होता. माझं मतदार ओळखपत्र सासरच्या नावाचं, बिल माहेरच्या नावाचं. "या दोघी एकच, हे कशावरून?" तिने विचारलं. लग्नाची नोंद आम्ही केली नव्हती. बाबांच्या कार्डातून माझं नाव लग्नानंतर कमी केलेलं आणि सासूबाईंच्या कार्डात अजून चढलेलं नाही. पाच वर्षं मी कुठल्याच कार्डात नव्हते, हे मला तिथे त्या खुर्चीवर बसून कळलं.

"अॅफिडेव्हिट करा. वडिलांना आणलंत तर बरं."

बाबा आले. शेतातलं काम टाकून, धुतलेला सदरा घालून, कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. तहसील कचेरीबाहेर टायपिंगवाल्याकडे आमच्यापुढे बरीच माणसं होती. बाबा उकिडवे बसून राहिले. तीनदा सांगितलं, बाकावर बसा. "हितंच बरा हाय," म्हणाले.

नोटरीने कार्ड उलटसुलट पाहिलं. "ही तुमची मुलगी?"

"माझीच हाय."

"मग हिचं नाव का खोडलंय?"

"लगीन झाल्यावर काढा बोलले, काढला. तवा कुनी काय इचारला न्हाय," बाबा म्हणाले. मग कार्डाकडे बोट दाखवून, "पोरगी काय खोडली न्हाय मी."

नोटरी हसला आणि शिक्का मारला. बाहेर आल्यावर आम्ही उसळ-पाव खाल्ला. बाबांनी विचारलं, "ह्यो नंबर तुझा हाय, तर त्यांना का देतंस?" मी म्हटलं, माझा नाही, ऑफिसचा आहे. ते म्हणाले, "कागदावर तर तुझा हाय." मला समजावून सांगायचा कंटाळा आला. त्यांना शेलारच्या रिक्षात बसवलं.

गॅलरीत परत गेले तर फॉर्मवर लिहिलं होतं, या क्रमांकावर यापुढे माझा कसलाही हक्क राहणार नाही. खाली सही. मी केली. काउंटरवरच्या बाईने नंबर घेतानाच्या जुन्या फॉर्मशी ताडून पाहिली आणि म्हणाली, "जुळत नाही."

माहेरच्या नावाची सही मी पाच वर्षांत केली नव्हती. आडनावाचं पहिलं अक्षर मी तेव्हा कसं वळवायची, काही केल्या आठवेना. तिने जुना फॉर्म काचेआडून दाखवला. मी घरी आले आणि जुन्या बिलांच्या पाठीवर ती सही गिरवत बसले. नवऱ्याने विचारलं, काय करतेस? मी म्हटलं, माझी सही शिकतेय. पुढच्या खेपेला सही जुळली. आनंद वगैरे काही झाला नाही. रिक्षात बसल्यावर मला झोप लागली, आणि रिक्षावाल्याने आमच्या घराजवळ, कामतघरला, हाक मारून उठवलं.

नोंदणी झाली. पहिला मेसेज गेला तेव्हा मी तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. वर पाठवणाऱ्याच्या जागी आमचा नंबर नव्हताच, सहा इंग्रजी अक्षरं होती.

"मग नंबर कशाला नोंदवला?" मी बूथवाल्याला फोन करून विचारलं.

"नियम आहे, मॅडम."

त्या दिवशी ऑफिसचा फोन दिवसभर वाजत होता. "कुछ आया है मोबाइल में, क्या लिखा है?" कुणाला वाटलं जाहिरात आहे, त्यांनी वाचलीच नाही. बऱ्याच जणांना इंग्रजी अक्षरं येत नव्हती. दोनेक महिने मी मेसेजही पाठवले आणि ते काय आहेत हे सांगायला फोनही केले. मग हळूहळू लोक सरावले. घरातलं कुणीतरी वाचून दाखवायचं. माझ्याकडे याद्यांचं काम आलं. शेठने काढून टाकलं नाही, त्याबद्दल मी देवाचे आभार मानले.

त्यानंतर एक म्हातारे लूमवाले ऑफिसात आले. चारच लूम होते त्यांचे. सात वर्षं मी त्यांच्याशी बोलत होते, पण पाहिलं पहिल्यांदाच. दारात उभे राहून त्यांनी विचारलं, "वो फोन करने वाली बेटी कहाँ है?"

मी उठले. "मैं ही हूँ, चाचा."

"मुझे पढ़ना नहीं आता. घर में कोई नहीं है पढ़ने वाला. तू फोन कर दिया कर."

मी हो म्हटलं. तोवर मी स्वतःचा मोबाइल घेतला होता. त्यांचा बीम तयार झाला की त्यावरून फोन करायची, "चाचा, हो गया." ते म्हणायचे, "जीती रह," आणि ठेवून द्यायचे. त्यांनी लूम भंगारात काढेपर्यंत हे चाललं. नंतर त्यांचा नंबर लागेनासा झाला.