आत्याच्या घरातला काळा नाताळ

गल्लीत आत्याला 'उशीवाली' म्हणत. हे नाव प्रेमाचं होतं की चार हात लांब राहण्याचं, याचा विचार करणं तिनं कधीच सोडून दिलं होतं. शवपेट्यांच्या दुकानात मागच्या खोलीत ती सव्वीस वर्षं काम करत होती. सुतार पेटी बाहेरून करी, ही आतून. पांढऱ्या साटीनचं अस्तर, त्याच्या चुण्या आणि डोक्याखाली तळहाताएवढ्या जाडीची उशी.

दादा-वहिनींचं घर बदलणं नेमकं नाताळात आलं, म्हणून पंधरा वर्षांची भाची पहिल्यांदाच आठ दिवस राहायला आली. येण्याआधी वहिनीचा फोन आला होता.

"वन्सं, तुमच्या कामाचं तिच्यापाशी काढू नका हं. आत्या उशा शिवते, एवढंच तिला ठाऊक आहे. हळवी आहे पोर. रात्री दचकून उठेल."

"नाही काढणार," आत्या म्हणाली. कळलं तर पोर पुन्हा या घराची पायरी चढणार नाही, ही धास्ती वहिनीपेक्षा तिलाच जास्त होती.

आणि ही हळवी पोर दारात उभी राहिली ती नखशिखांत काळी! काळा झगा, काळी नखं, डोळ्यांभोवती काजळाची वर्तुळं. पिशवी उपडी केली तर आतून तीन कवट्या, डझनभर कागदी वटवाघळं आणि एक प्लॅस्टिकचा सांगाडा निघाला.

"आत्या, यंदा आपण भुताटकीचा नाताळ करायचा. चालेल ना?"

"तूच अर्धी भुताटकी घेऊन आलीस की गं घुबडाबाई! न चालून सांगते कुणाला?"

दोघी कामाला लागल्या. हिरव्या झाडाऐवजी वाळकी फांदी काळी रंगवून बादलीत रोवली. रिकाम्या बाटल्यांत मेणबत्त्या खोचल्या. दिव्यावर लाल कागद चढला तशी बैठकीच्या खोलीला तापातल्या माणसाच्या डोळ्यांची कळा आली. भाची खूश झाली. तिचं बिनसलं ते पडद्यांपाशी. काळ्या जाळीच्या कापडाच्या चिंध्या करून खिडकीवर सोडायच्या होत्या. आत्यानं कापड घेतलं, आणि तासाभरानं बघावं तर प्रत्येक चिंधीची कड दुमडून, बारीक टाक्यांनी शिवून तयार!

"अगं आत्या, फाटकं हवंय फाटकं! शंभर वर्षांच्या ओसाड वाड्यासारखं!"

"ओसाड वाड्यातही धागे लोंबलेले मला बघवत नाहीत. माझा हातच वळत नाही, काय करू?"

"भूत येईल आणि आधी कपडे बदलून येईल तुझ्या घरी!"

आत्या पोट धरून हसली. कित्येक वर्षांत या खोलीत दोन माणसं एकदम हसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाचीनं खोक्याचा पुठ्ठा कापून झाडाखाली ठेवायला छोटी शवपेटी केली. सांगाडा तिच्यात निजवायचा होता. आत्या भाजी चिरत होती. बघायचं नाही, बघायचं नाही म्हणता म्हणता नजर गेलीच.

"पेटीचे खांदे इतके खाली नसतात गं. पायाकडे निमुळतं कर. आण इकडे."

आणि मग सव्वीस वर्षांचा हात कुणाच्या बापाला ऐकतो? पेटी नीट कापली गेली. जुन्या परकराचं साटीन निघालं. चुण्या खांद्याकडून पायाकडे पडत गेल्या, टाके आत दडले, कोपरे भरले. शेवटी इवलीशी उशी, मध्ये किंचित खोलगट. मान वर केली तेव्हा भाची समोर मांडी घालून बसली होती. केव्हापासून, कोण जाणे.

"आत्या, हे तुला कसं येतं?"

थाप मारता आली असती. पण तिच्या हाताखाली उशी होती, आणि हातातल्या कामाबद्दल आत्या कधी खोटं बोलली नव्हती. तिनं सगळं सांगितलं. बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवल्याचा आवाज झाला.

"आजोबांची उशीसुद्धा?"

"मीच केली. त्यांचाच जुना सदरा कातरून उशीत भरला. नवी उशी त्यांना कधी सोसलीच नाही. मान धरायची."

भाचीनं सांगाडा उचलला, पेटीत ठेवायला वाकली आणि थांबली. मग तो तिनं बाटल्यांमागे भिंतीला टेकवून उभा केला. पेटीच्या उशीवर दोन बोटं ठेवून बघितली. उठली आणि फोन लावला.

आत्यानं सुरी हातात घेतली, पण चिरायचं सुचेना. झालं! आता म्हणेल, न्यायला या.

"आई, आत्या उशाच शिवते. पण कुणासाठी, ते तू सांगितलं नाहीस... नाही, घाबरले नाही... ऐक तर! नाताळाच्या दिवशी तू नि बाबा इकडेच या. हो, आत. नेहमीसारखा बाहेर गाडीतून हॉर्न वाजवायचा नाही."

मग भाचीनं फोनवर हात धरला.

"आत्या, आई विचारतेय, जेवायला काय करशील?"

आत्या चिरलेल्या भाजीकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत वहिनी या घरात कधी जेवलीच नव्हती.

"तिलाच विचार बाई," ती म्हणाली. "तिला काय आवडतं ते मला कुठं ठाऊक आहे?"