बादलच्या कानातले गोचीड

"कान उलटाओ! पूरा उलटाओ!"

सुभेदार राणे साहेबांचा आवाज असा, की ते झाशीत ओरडले तर बबीन्यातले रणगाडे आपोआप स्टार्ट व्हायचे. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे झाली होती. लान्स नाईक रामसनेही गुडघ्यांवर बसून बादलचा डावा कान उलटा करत होता. बादल हा आमच्या डॉग सेक्शनचा अल्सेशियन, सुरुंग हुंगून काढणारा. त्या सकाळी तो परेडला उठलाच नव्हता.

कान उलटा झाला. आतल्या घडीत द्राक्षाच्या घोसासारखे गोचीड लटकले होते. फुगलेले, राखाडी.

साहेब ओरडायचे थांबले. ते ओरडत तोवर आम्हाला भीती वाटत नसे.

"रजिस्टर आणा."

रजिस्टरात आदल्या संध्याकाळची नोंद होती. बादल, निरंक. खाली सही माझी. नाईक भोईटे.

आता तुम्हा सिव्हिलियन मंडळींना सांगायला हवे. झाशीच्या मे महिन्यात आमचा शत्रू तिळाएवढा असे आणि रक्त पिऊन वाटाण्याएवढा होई. मी तर बोराएवढा पाहिलाय; तो चिमट्यालाच चावला होता. खोटे वाटत असेल तर राहू द्या. या शत्रूविरुद्ध आमची मोहीम बारा महिने चाले. आठवड्याला औषधाच्या पाण्याने अंघोळ. केनेलच्या भिंतींच्या फटींवरून ब्लो-लॅम्पची ज्योत, कारण गोचीड अंडी तिथे घालतो. आणि रोज संध्याकाळी साडेपाचला तपासणी: कान, पट्ट्याखाली, काखा, बोटांच्या बेचक्या, शेपटीचे मूळ. सापडला की चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायचा आणि रॉकेलच्या डब्यात टाकायचा. नखाने चिरडायचा नाही.

सेक्शनचा एक रिवाज होता. आपला कुत्रा आपण तपासायचा नाही. रोज त्याच अंगावरून फिरून हात आंधळा होतो, असे साहेब म्हणत. म्हणून जोड्या लावलेल्या. रामसनेहीचा बादल मी बघायचा, माझी लॅब्रडोर कस्तुरी त्याने.

रामसनेही झाशीजवळच्या टहरौलीचा, बोली बुंदेली. मला उस्ताद म्हणे. मी बिबट्याची गोष्ट सुरू केली की त्याच्या हातातला ब्रश हातातच राही. त्या आठवड्यात तीन संध्याकाळी गोष्ट चालली. पहिल्या दिवशी बिबट्या सहा फुटी होता, तिसऱ्या दिवशी अकरा. साडेपाच वाजून गेले की रजिस्टर मांडीवर ओढून आम्ही सह्या करायचो. तिन्ही दिवस मी बादलला हात लावला नाही. त्याच आठवड्यात कुत्री बिजौलीकडच्या माळावर ट्रेनिंगला जात होती. तिथे म्हशी चरतात.

साहेबांनी फील्ड टेलिफोन उचलला.

"एक्सचेंज, बबीना दो. व्हेट कॅप्टन साहब... सर, बादल गिर गया है. टेम्परेचर एक सौ छह. मसूड़े सफ़ेद. पेशाब चाय जैसा."

"कब से?"

"सुबह पाँच से, सर."

"गीली चादर डालो. निकल रहा हूँ."

सात वाजून पाच मिनिटांनी वन-टन गाडी आली. कॅप्टन साहेबांनी कानातून रक्ताचा थेंब घेतला, काचेवर पसरला, मायक्रोस्कोपला डोळा लावला.

"टिक फ़ीवर. बहुत बढ़ गया है." इंजेक्शन दिले. "खून चढ़ाना पड़ेगा. दूसरा कुत्ता लाओ, बिल्कुल साफ़."

"कस्तुरी, सर!" मी ओरडलो. "तीनों दिन निरंक है. रामसनेही की सही है."

"सही मत दिखाओ, कुत्ता दिखाओ."

कस्तुरीची स्लाइड स्वच्छ निघाली. मागच्या पायाच्या बेचकीत मात्र एक गोचीड सापडला, नुसता चालत होता, चिकटला नव्हता. रामसनेहीने तो रॉकेलच्या डब्यात टाकला आणि चिमटाही त्यातच सोडून दिला. मला वाटले, बादलच्या काळजीने.

आठ वीसला बाटली भरायला लागली. मी कस्तुरीचे डोके मांडीवर धरले. ती हलू नये म्हणून तिच्या कानाशी काहीतरी बोलत राहायचे होते. मी बिबट्या काढला. त्याची लांबी काही केल्या आठवेना.

अकराच्या सुमारास बादलने डोके उचलले. टेम्परेचर एकशे तीन. रामसनेहीच्या ओंजळीतून दोन घोट पाणी प्याला, शेपूट एकदा जमिनीवर आपटली. मी लंगरकडे, म्हणजे सेक्शनच्या स्वयंपाकघराकडे, तोंड करून चहाची ऑर्डर अशी दिली की राणे साहेब म्हणाले, "भोईटे, हळू. अजून जिंकलेलो नाही."

चहा आला. कुणी प्यायला नाही. दोन चाळीसला बादलच्या नाकातून रक्त यायला लागले. कॅप्टन साहेबांनी दुसरे इंजेक्शन दिले, मग बर्फ. रक्त थांबेना. बाहेर लू वाहत होती, खसच्या पडद्यावर कुणीतरी पाणी मारत होते, तेवढाच आवाज.

चार दहाला कॅप्टन साहेबांनी कानातला स्टेथोस्कोप काढला.

"बस," ते म्हणाले.

केनेलमागच्या कडुलिंबाखाली खड्डा घेतला. साडेपाचला, तपासणीच्या वेळेला, सेक्शन फॉल-इन झाले. सुभेदार साहेबांनी सॅल्यूट केला. माझी शिक्षा त्यांनी दुसऱ्या दिवसावर ठेवली.

बादलने सीमेवर किती सुरुंग काढले ते मी लग्नाकार्यात चाळीस सांगतो, पन्नास सांगतो. खरा आकडा सात. त्या सातांवरून आमची एक प्लाटून चालत जाणार होती. त्यातले बरेच जण आज नातवंडांना खांद्यावर घेऊन फिरतात. बादलचे नाव त्यांना माहीतही नसेल, म्हणून मी लिहून ठेवतो आहे.

सगळे पांगल्यावर मी रामसनेहीकडे गेलो. तो केनेलच्या पायरीवर बसून बादलच्या पट्ट्याला तेल लावत होता.

"रामसनेही," मी म्हणालो, "तीन दिन मैंने बादल को देखा नहीं. कहानी सुनाता रहा और सही कर दी."

त्याने पट्ट्याचे बक्कल लावले, परत काढले.

"हमने भी कस्तूरी कहाँ देखी हती, उस्ताद."